एका ड्युटीएवढं अंतर

डबलबेलकाकूंना परक्या देशातल्या विमानतळावर पोलिसांनी धरलं, ही बातमी आमच्या बिल्डिंगीत आधी इस्त्रीवाल्याकडे आली आणि मग घडीच्या कपड्यांबरोबर घरोघर पोचती झाली. पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा काकूंना नुसतं अडवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर त्यांची बॅग उघडली होती. तिसऱ्यावर बॅगेत काहीतरी सापडलं होतं, आणि चौथ्यावर तर काकूंनी एका शिपायाच्या कानाखाली वाजवलीही होती. वर आणखी एखादं बिऱ्हाड असतं तर तिथं काकूंना जन्मठेप झाली असती.

खरं एवढंच की काकूंचं विमान चुकलं. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचं असतं त्या मधल्या विमानतळावर दुसरं विमान त्यांना न घेता उडालं. गणवेशातला एक माणूस त्यांना एका खोलीत घेऊन गेला, तो पुढच्या विमानात जागा बघायला. पोलीस नव्हते, बेडी नव्हती, कानाखालची तर बातच सोडा. पण जे झालं ते काकूंना अटकेपेक्षा जड गेलं. का, ते कळायला आधी काकू कळायला हव्यात.

काकू लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर होत्या. नवरा लवकर गेला, त्याच्या जागेवर ह्या लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत एकच मार्ग धरून राहिल्या. पहाटे सुटायचं, संध्याकाळी त्या टोकाला पोचायचं, तिथल्या डेपोच्या खोलीत पाठ टेकायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत यायचं. आवाज मोकळ्या मैदानाचा आणि राहायला दोन खोल्या. काकूंनी स्वयंपाकघरातून कोणाला "चहा घेणार का?" विचारलं की खालचा दुकानदार "नको, आत्ताच झाला" म्हणून वर ओरडायचा. घंटीची दोरी हातात इतकी मुरलेली, की कोणाकडे बसायला गेल्या तरी उठताना टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायच्या. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. पोरांनी नाव ठेवलं डबलबेल. ते तोंडावर म्हणायची हिंमत मोठ्यांनी नंतर केली.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट मात्र चेष्टेतसुद्धा मानानं सांगायचे लोक. जेवणाच्या थांब्यावर गाडी उभी राहिली, माणसं उतरली, परत चढली, की काकू मधल्या वाटेतून बोट हवेत नाचवत डोकी मोजत जायच्या. एक डोकं कमी भरलं तरी घंटी नाही. ड्रायव्हर इंजिन गुरगुरवत बसायचा.

"बाई, मागची गाडी येतेय. त्यात बसेल तो."

"तिकीट मी फाडलंय ना त्याचं? मग माझ्याच गाडीत बसेल."

आणि खाली उतरून शोधायच्या. एकदा थांब्याशेजारच्या न्हाव्याकडून एकाला उचलून आणला, अर्धी दाढी झालेली, गळ्यात न्हाव्याचं फडकं तसंच. उरलेली दाढी त्यानं परतीच्या दिवशी करून घेतली म्हणतात. पण एवढ्या वर्षांत ह्या बाईच्या गाडीतून माणूस मागं राहिला, असं एकदाही झालं नाही. डेपोत साहेब बदलले, गाड्यांचे रंग बदलले, ही गोष्ट बदलली नाही.

हे सगळं ज्या एका माणसाला कौतुकाचं वाटत नव्हतं, ती त्यांची मुलगी.

पोर गळ्यात दाराची किल्ली अडकवून वाढली. आईची ड्युटी असली की शेजारी जेवायची, शेजारी अभ्यास करायची, शेजारीच झोपायची. तिची तक्रार नसायची, कारण करायची कोणाकडे? पण शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा नाच होता, आणि आईनं शब्द दिला होता. ड्युटी त्या दिवशी परतीची, पहाटेऐवजी मध्यरात्रीच सुटून दुपारपर्यंत घरी येणारी केलेली, साहेबांच्या हातापाया पडून. नेमका त्याच दिवशी एक प्रवासी थांब्यावरून गायब झाला. तो सापडून, गाडी हलून, काकू शाळेत पोचल्या तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक रचत होते. स्टेजच्या पायरीवर लेक बसलेली, गालांवर लाली, डोळ्यांत काजळ, ते पार हनुवटीपर्यंत आलेलं.

"कोण राहिलं होतं?" पोरीनं विचारलं.

काकूंनी खरं तेच सांगितलं. एक म्हातारा होता, पोटाचा त्रास होता, सोडून कसं यायचं? मुलगी बाहीनं काजळ पुसत उठली. पण पुढे आयुष्यभर आईला घरी यायला उशीर झाला की एवढंच विचारायची. "कोण राहिलं होतं?" ऐकणारा हसायचा. काकूही हसायच्या, पण हसून झाल्यावर त्यांचा हात उगाच पदराशी चाळा करत राहायचा.

पोरगी शिकली, हुशार निघाली, आणि एक दिवस म्हणाली, मला बाहेर नोकरी लागली आहे. काकूंनी विचारलं, किती लांब? मुलीनं फोनवर बघून सांगितलं, साडेनऊ हजार किलोमीटर. काकूंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. त्यांच्या मार्गाच्या दोन्ही टोकांमध्ये सहाशेही नव्हते.

"आई, तू किलोमीटर धरू नकोस. तास धर. हवेत मिळून चौदा तास होतात. तुझी गाडी पहाटे सुटून संध्याकाळी पोचते ना? तेवढेच."

हे मात्र काकूंना पटलं. त्यांच्या धंद्यात कुठलंही गाव तासांतच लांब असायचं. "इथून किती आहे?" असं कोणी विचारलं तर "पाच तास" असंच सांगायचं, किलोमीटर सांगणाऱ्याला प्रवाशांनी वेड्यात काढलं असतं. त्या दिवसापासून कोणी लेकीची चौकशी केली की काकूंचं उत्तर ठरलेलं, "आहे की, माझ्या एका ड्युटीवर."

तिसऱ्या मजल्यावर बँकेतला एक कारकून राहतो. त्याला काकूंची खोडी काढल्याशिवाय जेवण जात नाही. तो म्हणायचा, "काकू, एकाच ड्युटीवर आहे तर रोज जाऊन येत जा की!"

"तुझ्यासारखी बँकेतली नोकरी असती तर गेले असते. कोणाला कळलंही नसतं मी जागेवर नाही ते."

पण गेल्या कधीच नाहीत. आधी नोकरी होती, मग गुडघे आले, मग पुढच्या वर्षी बघू. अंतर एका ड्युटीएवढंच आहे म्हटल्यावर घाई कशाची? मनात आलं की सकाळी निघायचं आणि संध्याकाळी लेकीच्या दारात. जवळच आहे, ह्या भरवशावर वर्षं गेली. मुलीनंही कधी हट्ट धरला नाही. ती दर रविवारी फोन करायची, हवापाणी विचारायची, आणि दोघी एकमेकींना "ठेवू मग?" म्हणायच्या.

मग एका रविवारी लेक म्हणाली, "आई, माझ्या हृदयाची एक झडप नीट बंद होत नाही. बदलायची आहे."

काकू म्हणाल्या, "झडप ना? आमच्या गाड्यांची दारं कुठं बंद होत होती? दोरी बांधून चालवलं आम्ही."

पलीकडे लेक हसलीसुद्धा. मग म्हणाली, "आई, येशील?"

हे तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानावर भरवसा नव्हता.

"छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात बहुतेक सगळं नीट होईल. बहुतेक म्हणतात. तू आधी ये, आई. मला आत नेतील त्याच्या आधी. नंतर माझ्याजवळ कोण आहे नि कोण नाही, मला कळणारही नाही कदाचित. आधी ये."

"आले म्हणून समज," काकू म्हणाल्या.

तिकीट काढायला त्या कोपऱ्यावरच्या तिकीटवालीकडे गेल्या. सरळ जाणाऱ्या विमानात जागा नव्हती, मधे एका शहरात बदलावं लागणार होतं. तिकीटवालीनं समजावलं, काकू, चौदा तास हे नुसते हवेतले. त्यात आधीचं थांबणं धरा, मधलं थांबणं धरा, उतरल्यावरची रांग धरा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लेकीच्या घरी पोचाल, आरामात.

"मधला हॉल्ट किती?"

"दोन तास."

"दोन तास?" काकू तुच्छतेनं म्हणाल्या. "आमची माणसं तेवढ्यात जेवून, झोप काढून, भांडूनसुद्धा झाली असती."

बिल्डिंगीत त्या तिकिटाची खूप चर्चा झाली, कारण त्यावरची वेळ कोणाच्याच हिशेबात बसेना. सकाळी इथून निघून त्याच दिवशी संध्याकाळी तिथं पोचायचं, हे दिसायला बसच्याच वेळापत्रकासारखं होतं, आणि वाटेतले तास मात्र त्याहून बरेच जास्त. कारकुनानं उलगडा केला. तिथलं घड्याळ आपल्यामागं आहे, तेवढे तास काकूंना फुकट मिळणार.

"म्हणजे उतराल तेव्हा तेवढ्या तासांनी तरुण असाल, काकू!"

"तू बायकोला पाठव. तुझ्याशी लग्न झाल्यापासून दसपट वय झालंय तिचं."

काकूंनी दोन घड्याळं बांधली. उजव्या हातात इथलं, डाव्या हातात लेकीच्या शहराचं. विमानतळावर सोडायला त्यांचा जुना ड्रायव्हर आला, आपल्या जावयाची गाडी घेऊन. तोही निवृत्त, पण काकू शेजारी बसल्या म्हटल्यावर सिग्नल सुटला तरी गाडी हलवेना, घंटीची वाट बघत. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा दोघंही ओशाळून हसली. उतरताना तो म्हणाला, "बाई, आज तुम्ही प्रवासी. प्रवाशाचं काम एकच, बसून राहायचं." काकू "हो" म्हणाल्या. म्हणायला काय जातं?

विमानात बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा डोकी मोजायला घेतली, आणि बघतात तर समोरून हवाईसुंदरीही तेच करत येतेय. हाताच्या मुठीत इवलंसं यंत्र, एकेका रांगेपाशी अंगठ्यानं टिक टिक टिक. काकूंचा जीव भांड्यात पडला. कपडे वेगळे, हसणं वेगळं, पण काम आपलंच! माणसं मोजल्याशिवाय हेही निघत नाहीत. त्यांनी त्या मुलीकडे बघून मान अशी डोलावली, की तिला वाटलं ह्यांना पाणी हवंय. तिनं आणून दिलं.

शेजारच्या खुर्चीत कानटोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांचाही विमानाचा पहिलाच प्रवास. खिडकीकडे बघायला घाबरत होते, म्हणून काकूंकडे बघत होते.

"तुम्ही पुढं जाणार ना, आजोबा?"

"हो हो, पुढं. मुलाकडे."

"मग झालं. माझ्या मागंमागं राहा."

चार-पाच तासांत मधलं शहर आलं. शहर कुठलं, नुसतं छत. छताखाली दुकानं, सरकत्या वाटा, आणि जिकडेतिकडे चाकांच्या बॅगा ओढणारी माणसं. आजोबा थोडा वेळ मागं होते, मग स्वच्छतागृहात जाऊन येतो म्हणाले. काकू खुणेनं विचारत विचारत बरोबर आपल्या दारापाशी पोचल्या, खुर्ची धरली, डाव्या हातातलं घड्याळ बघितलं. लेक आता झोपेतून उठत असेल. उद्या ह्या वेळेला आपण तिच्या उशाशी.

दारापाशी रांग लागायला लागली. आधीच्या विमानातले काही चेहरे होते: तांबड्या बॅगेची बाई, सारखा शिंकणारा माणूस. कानटोपी दिसेना.

काकू रांगेत उभ्या राहिल्या. दोन पावलं पुढं सरकल्या. मागं बघितलं. आजोबा नाहीत. आणखी दोन पावलं. मनात लेकच होती, शपथेवर सांगायचं तर फक्त लेक होती. पण पायांना इतक्या वर्षांची सवय होती, आणि पायांच्या बाजूनं डोकंही बोलायला लागलं: म्हातारा घाबरट आहे, वाट चुकला असेल, आपण "मागंमागं राहा" म्हणालो होतो. शिवाय गाडी जाते कुठं? ती पोरगी मोजणार, दोन डोकी कमी भरणार. दोन कमी असताना कोण दार लावेल?

त्या रांगेतून बाहेर पडल्या.

स्वच्छतागृहापाशी बघितलं, पाण्याच्या नळापाशी बघितलं, अत्तराच्या दुकानात डोकावल्या. "आजोबा!" अशी एक हाक दिली तर अर्धा विमानतळ वळून बघायला लागला. सरकत्या वाटेनं पार दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथं बूटपॉलिश करणाऱ्याच्या उंच खुर्चीत आजोबा बसले होते, पाय पुढं करून, डोळे मिटून, राजासारखे.

"आजोबा! अहो, विमान सुटतंय!"

आजोबांनी एक डोळा उघडला. "तुमचं का? माझं संध्याकाळी आहे."

"संध्याकाळी? तुम्ही पुढं जाणार म्हणालात ना!"

"पुढंच जाणार. पण मुलगा दुसऱ्या शहरात असतो माझा." मग त्यांना बाईचा चेहरा बरा वाटेना, म्हणून खिशातून काढून म्हणाले, "पेपरमिंट घेता?"

काकू गुडघे विसरून धावल्या. दारापाशी आल्या तेव्हा खुर्च्या रिकाम्या, रांग नाही, आणि दाराशी गणवेशातली एक मुलगी कागद जुळवत उभी. काचेपलीकडे विमान तसंच उभं होतं, हात लांब केला तर लागेल असं.

"माझं विमान," काकू म्हणाल्या.

"दार बंद झालं, मॅडम."

"उघडा की. हे काय, उभं आहे समोर!"

"एकदा लागलेलं दार उघडत नाही."

"मोजलं नाहीत का माणसं? एक कमी नाही भरलं?"

"भरलं ना. तुमचं नाव तीनदा पुकारलं."

"मी त्या टोकाला होते! मग कमी भरलं तर थांबायचं नाही? शोधायचं नाही?"

"म्हणून तर थांबलंय विमान अजून," मुलगी शांतपणे म्हणाली. "तुमची बॅग शोधून खाली उतरवतायत."

चार तुटके शब्द आणि हातवारे, अशी ती सगळी बातचीत. पण हे काकूंना एका झटक्यात समजलं. इथं माणूस कमी भरला की माणसाला शोधत नाहीत, त्याची बॅग शोधतात. ती सापडली की निघतात. काचेला हात लावून त्या बघत राहिल्या. विमान आधी मागं सरकलं, मग वळलं, मग ते इतर विमानांत कुठलं ते कळेनासं झालं.

गणवेशातला माणूस त्यांना खोलीत घेऊन गेला तो ह्यानंतर. जागा होती ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात. काकूंनी डावं घड्याळ बघितलं, उजवं बघितलं, आणि समोर भिंतीवरचं तिसरं, जे दोन्हींशी जुळत नव्हतं. हिशेब तिन्हींवर एकच येत होता. लेकीला आत नेतील तेव्हा आपण हवेत असणार.

फोन लेकीबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीनं उचलला आणि लेकीकडे दिला. काकूंनी सगळं सांगितलं. विमान चुकलं म्हणाल्या, मग कसं चुकलं तेही म्हणाल्या. थाप मारता आली असती, विमान रद्द झालं म्हणता आलं असतं. पण ह्या बाईला ओरडता येतं, थाप मारता येत नाही.

लेकीनं एवढंच विचारलं.

"कोणासाठी थांबलीस म्हणालीस?"

"एक म्हातारे आजोबा होते गं. मला वाटलं, वाट..."

"सापडले?"

"सापडले."

"बरं झालं," लेक म्हणाली, आणि फोन मैत्रिणीकडे गेला.

ते विमानतळावरचे तास कसे गेले ते काकूंनी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि खोदून विचारायची आमच्या बिल्डिंगीतही कोणाची छाती झालेली नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा रांगेत पहिल्या त्या होत्या. ह्या वेळी त्यांनी एकही डोकं मोजलं नाही. खुर्चीत बसल्या, पट्टा आवळला, आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीत बसवलेल्या लहान पडद्याकडे बघायला लागल्या.

पडद्यावर नकाशा होता. एक पांढरं विमान, मागं आलेली रेघ, पुढं जायची रेघ, आणि कोपऱ्यात दोन आकडे. उरलेलं अंतर, उरलेला वेळ. सहा हजारांवर किलोमीटर, आठ तासांना थोडे कमी. खिडकीचे पडदे ओढलेले, आजूबाजूला माणसं तोंडं उघडी टाकून झोपलेली. काकूंनी आयुष्यात वाटेतलं प्रत्येक झाड, प्रत्येक टपरी बघून ओळखलं होतं, की आता किती राहिलं. इथं बाहेर काहीच नव्हतं. विमान जागचं हलतंय असंही वाटत नव्हतं. फक्त तो आकडा कमी व्हायचा, थोडा थोडा, कंजूष माणसानं सुटे काढून द्यावेत तसा.

डाव्या घड्याळात आठ वाजले. आत नेलं असेल.

पडद्यावर पाच हजार किलोमीटर होते.

त्यांनी मनात वाट धरायचा प्रयत्न केला. आता पहिला थांबा गेला, आता घाट लागला, आता नदीवरचा पूल. पण त्यांच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी चढायचं, उतरायचं, भांडायचं. ह्या वाटेवर पुलाच्या पलीकडे एकच खोली होती, आणि तिचं दार आतून लावलेलं. आत पोरीची छाती उघडली असेल आता, म्हणजे कशी? किती? काकूंनी आपला हात आपल्याच छातीवर ठेवला आणि लगेच काढला. चौदा तास, एक ड्युटी, म्हणत होतो आपण! कुणाला सांगत होतो? रोज जाता आलं असतं असं म्हणत इतकी वर्षं एकदाही न गेलेली ही वाट, एका ड्युटीची?

हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. काकूंनी तिचा हात धरला.

"बाई, जरा लवकर नेता नाही का येणार?"

मुलीला शब्द कळले नसतील, पण सूर कळला असावा. तिनं पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि हसली. काकूंना एकदम आपल्या गाडीतले लोक आठवले. कोणाचं माणूस दवाखान्यात, कोणाचा मुलाखतीचा दिवस. "कंडक्टरबाई, जरा दामटायला सांगा ना." आणि आपण काय म्हणायचो? "पंख लावू का गाडीला?" सगळी गाडी हसायची. ज्यानं विचारलं तोही हसायचा बिचारा, हसल्यासारखं करायचा.

पंख खिडकीबाहेरच होते. त्यांनीही घाई होत नव्हती.

चार हजार. तीन. मधे केव्हातरी त्यांना डुलकी लागली आणि दचकून जाग आली ती पाप केल्यासारखी. दोन हजार. डावं घड्याळ दुपारकडे झुकलं. मैत्रीण म्हणाली होती, पाच तास लागतील, जास्तही लागतील. जास्त म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नव्हतं.

चाकं जमिनीला लागली तेव्हा सगळ्यांनी खडाखड पट्टे सोडले आणि वरच्या बॅगा ओढायला लागले. एरवी काकूंनी एकेकाला खाली बसवलं असतं. त्या फोन हातात धरून बसल्या. फोन आधी मुकाच होता, मग थरथरला. मैत्रिणीचा निरोप होता. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी अक्षरं लागेनात. मग लागली. "झालं. झडप बसली. अजून शुद्धीवर नाही. तुम्ही सावकाश या."

सावकाश कसलं! पण बाहेरच्या रांगेनं त्यांना सावकाशच सोडलं.

लेक शुद्धीवर आली तेव्हा काकू उशाशी होत्या. तोंडातली नळी काढलेली, हातांना नळ्या, ओठ कोरडे. तिनं डोळे उघडले, आईला बघितलं, ओळखलं, आणि मान हळूच भिंतीकडे वळवली. एवढं करायलाही तिला केवढे कष्ट पडले, ते काकूंनी बघितलं.

त्यानंतरचे दिवस असेच. नर्सशी बोलायची, मैत्रिणीशी बोलायची, डॉक्टरांना "बरं वाटतंय" सांगायची. आईशी नाही. काकूंनी सूपची वाटी पुढं केली की ती हातानं बाजूला सारायची, आणि मैत्रिणीनं तीच वाटी दिली की प्यायची. काकू केस विंचरायला गेल्या तर "राहू दे" एवढे दोन शब्द मिळाले. काकूंनी ते दिवसभर पुरवले. नर्सनं त्या आवाजाच्या बाईला पहिल्याच दिवशी ओठांवर बोट ठेवून दाखवलं होतं, त्यामुळे काकू सगळं कुजबुजत बोलायच्या. त्यांना कुजबुजताना आमच्यापैकी कोणी ऐकलं असतं तर डॉक्टर काकूंसाठीच बोलावला असता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकींनी, ज्यांच्याकडे लेक लहानपणी जेवायची, त्यांनी न राहवून फोन लावला. काकू तो घ्यायला खोलीबाहेर आल्या. दाराच्या काचेतून आत लेक दिसत होती, उशीला टेकून, मैत्रिणीला काहीतरी सांगत, मधेच दाराकडे बघून भुवया आवळत.

"काय हो, कशी आहे पोर?"

"बसते आता. उद्या चालवणार म्हणतात."

"आणि तुमच्याशी?"

"नाही बोलत."

"बाई बाई! एवढ्या लांब गेलात, जिवाचा आटापिटा केलात, आणि पोरगी तोंड फिरवून बसलीय? मग मिळवलंत काय हो तिथं जाऊन?"

काकू काचेतून बघतच म्हणाल्या, "वाटी सारते, तोंड फिरवते, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. रागावलीय. पण रागवायला आहे ना!"